कंपनीतली सासू

सरूबाई जिवंत होती तोवर तिच्याविषयी चार गोड शब्द कुणी बोललेले ऐकिवात नाहीत. चिकलठाण्याच्या शिवारात बांधावरून तिचा आवाज निघाला की तिसऱ्या वावरातली माणसंही कामाला लागायची, आणि आधीच लागलेली असली तर आणखी वाकून लागायची. अशी ही बाई मेली, आणि मेल्यावर चक्क देवी झाली. तीही कुठं, तर गाड्यांच्या सीटांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कंपनीच्या आवारात, प्रेसशॉपच्या मागं, भंगाराच्या ढिगाशेजारी. आता बोला!

पण ही गोष्ट सरूबाईची नाही, तिच्या सुनेची आहे, भागूबाईची. भागूबाईला विचाराल तर ती म्हणेल, "मपली कसली आलीय गोष्ट! आधी सासूच्या हाताखाली राबले, मग नवऱ्याच्या, आता गुडघ्यांच्या हाताखाली राबायले." असं म्हणून ती चहा टाकायला उठेल आणि उठता उठता दोनदा "आई गं" म्हणेल. सत्तरी ओलांडलेली बाई, पण जीभ अजून विशीतली.

लग्न होऊन भागूबाई या घरात आली तेव्हा सासरा नव्हताच. सांडू नावाचा तो माणूस तापाचं निमित्त होऊन ऐन उमेदीत गेला, तेव्हा सरूबाई विशीतही नीट पोचली नव्हती आणि पोरगा कडुबा अंगावर पीत होता. भाऊबंदांना वाटलं, पोरगी माहेरी जाईल आणि वावर आयतंच पदरात पडेल. सरूबाई गेली नाही. तिनं पदर खोचला, औत धरलं, आणि भाऊबंद बांधाशी आले की अशा काही शिव्या घातल्या की त्यातल्या काही अजून त्या भावकीत चालू आहेत. वावर राहिलं, पोरगं राहिलं, जीभ तेवढी कायमची तिखट झाली.

भागूबाईनं त्या जिभेचा पुरेपूर प्रसाद खाल्ला. भाकरी जाड झाली तर बोलणं, पातळ झाली तर बोलणं, आणि चांगली झाली तर "आज काय उजाडलंय बाई!" पण हेही खरं, की भागूबाईचं पहिलं लेकरू पाळण्यातच गेलं तेव्हा गल्लीतल्या बाया येऊन रडून आपापल्या घरी गेल्या, आणि ही खाष्ट बाई शेजारी बसून राहिली. बोलली नाही, रडली नाही. एका सकाळी फक्त म्हणाली, "ऊठ. भाकरी मी टाकलीय. खा." सुनेच्या हाताला चव नाही म्हणणाऱ्या सासूनं तेव्हा बरेच दिवस सुनेला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. भागूबाईनं ते मनात ठेवलं ते ठेवलंच.

आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती, पण ती कोड्यासारखी. लग्नानंतरची पहिली संक्रांत. घरात बाया जमल्या होत्या, हळदीकुंकू चाललं होतं, आणि सासू नेहमीसारखी मुद्दाम विहिरीकडं कामाला निघाली होती. भागूबाई नवी, अल्लड. उत्साहाच्या भरात तिनं दारातच सासूला गाठलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या कपाळाला कुंकू लावलं. बाया थिजल्या. सरूबाईनं सुनेच्या हातावर फाडकन मारलं आणि विहिरीकडं चालू लागली. भागूबाई रडत मागं गेली. लांबून तिनं पाहिलं, सासू विहिरीत डोकावून उभी होती. तोंड धुवायला आलेली बाई बादली न सोडता नुसतीच खाली पाण्यात बघत होती. किती तरी वेळ. मग धुतलं. पुढं दोन दिवस अबोला. एवढा राग आला असेल तर आधी इतका वेळ नुसतं उभं कशाला राहायचं, हे भागूबाईला कळलं नव्हतं. विचारायची सोय तर नव्हतीच.

सरूबाई गेली तेव्हा तिला तिच्याच वावरात, लिंबाखाली दहन दिलं. राख सावडली आणि त्याच जागी कडुबानं दगडी ओटा बांधला, वर एक उभा दगड रोवला, त्यावर आईचं नाव कोरून घेतलं. दर आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भागूबाई तिथं पाण्याची केळी, म्हणजे मातीचा छोटा घडा, ठेवायची, आमरस-कुरडईचा निवद दाखवायची, आणि आडोशाला बसून सासूला घरातल्या खबरा सांगायची. जिवंतपणी सासूपुढं तोंड उघडता आलं नाही, त्याची सगळी भरपाई चालली होती.

मग औद्योगिक वसाहत पसरत पसरत त्यांच्या वावरापर्यंत आली आणि वावर कंपनीत गेलं. कडुबानं जमिनीसाठी आदळआपट केली नाही, एकच अट घातली, की आईचा ओटा हलवायचा नाही आणि आखितीला घरच्या माणसाला आत येऊ द्यायचं. कंपनीचा म्हातारा मालक जुन्या वळणाचा होता. त्यानं शब्द दिला आणि पाळला. पुढं कडुबाही वारला. त्याची राख पैठणला गोदावरीत सोडली. म्हणजे जाऊन बसावं, मनातलं बोलावं, अशी जागा भागूबाईला साऱ्या जगात एकच उरली, आणि तिच्यापुढं लोखंडी गेट.

आखितीच्या सकाळी त्या गेटवर मोठी मौज व्हायची. नऊवारी नेसलेली भागूबाई, एका हातात मातीची केळी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला निवद. आणि गेटवरचा हबीब तिच्या पदरावरून पिवळं हेल्मेट चढवायचा. "मावशी, कंपनीचा नियम हाय. माझी नोकरी नका घालवू." भागूबाई म्हणायची, "अरे, मपल्या सासूला वाटंल मी भांडायला आले!" हबीब हसायचा आणि पट्टा बांधून द्यायचा. हा हबीब शहागंजच्या अलीकडच्या गल्लीतला, साठीला आलेला, मोठा गोड माणूस. एकदा तो म्हणाला होता, "मावशी, आम्ही दर जुमेरातीला, गुरुवारी, अब्बांच्या कबरीवर जातो. फूल टाकतो, फातेहा पढतो, थोडं बसतो. कोन बी इचारत नाय. तुमचं मात्र बघा, वर्षातून एकदा, ते बी हेल्मेट घालून." तो सहज बोलून गेला, पण ते भागूबाईच्या मनात रुतलं. त्या दिवसापासून तिला एकच आस लागली. मनात येईल तेव्हा उठावं आणि सासूजवळ जाऊन बसावं.

इकडं ओट्यावर मात्र भलताच खेळ सुरू झाला होता. प्रेसच्या मशीनवर एका कामगाराचं बोट गेलं, म्हणून कुणीतरी घाबरून त्या उभ्या दगडापुढं नारळ फोडला. पुढं बरेच दिवस काही झालं नाही. झालं, एवढं आपल्या लोकांना पुरतं. दगडाला शेंदूर लागला, लिंबाला घंटा टांगली, दसऱ्याला झेंडूच्या माळा आल्या. दगडावर सरूबाई हे नाव होतंच, तिची सरूआई झाली. जुने कामगार निवृत्त झाले, नवे कंत्राटी आले, आणि ही कुणाची तरी सासू आहे हे सांगणारंच कुणी राहिलं नाही. पॅकिंगमधल्या बाया तर दर मंगळवारी हळदीकुंकू वाहू लागल्या, हिरव्या बांगड्या ठेवू लागल्या.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा भागूबाईच्या अंगाची लाही झाली. विधवेच्या समाधीला कुंकू? ज्या बाईनं आयुष्यभर हळदीकुंकवाच्या वाटेला जाऊ नये म्हणून विहिरीची वाट धरली, तिच्या दगडावर बांगड्या? सासूबाई वरून उतरून मलाच झिंज्या धरून विचारतील, या भयानं तिनं केळीतलं पाणी ओतलं, नारळाची शेंडी घेतली आणि दगड खसाखसा घासून काढला. तोंडानं बडबड चालूच. "कुणी सांगितलं व्हतं ह्यांना! मेल्यांना सासवा नायती का घरी?" दगड लख्ख झाल्यावर तिनं त्याला नुसता अबीर लावला, निवद दाखवला आणि डोळे पुसत घरी आली.

आता गंमत ऐका. प्रेसशॉपच्या खिडकीतून कामगार हे बघत होते. त्यांना वाटलं, ही देवीची परंपरेची मानकरी दिसते, आखितीला देवीला न्हाऊ घालायला येते, आणि तोंडानं मंत्र म्हणते! दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. कंपनीत प्रथाच पडली, आखितीला सरूआई न्हाते. म्हातारी घासून गेली रे गेली की न्हालेल्या देवीला पहिलं कुंकू आपण लावावं म्हणून बायांची झुंबड. भागूबाई जितकं जोरात घासायची तितका लोकांचा भाव वाढायचा. बाहेर पडताना एखादा पोरगा वाकून तिच्या पायाला हात लावायचा, तेव्हा तिला वाटायचं, आजकालच्या पोरांना वळण बाकी चांगलं लागलंय.

असं सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग म्हातारा मालक गेला आणि नवे मॅनेजर आले, वैद्य साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शेड वाढवायचं होतं, आणि शेडच्या बरोबर वाटेत हा ओटा. कामगार म्हणाले, देवस्थान आहे, हात लावू देणार नाही. कुठल्या तरी जुन्या माणसाकडून साहेबांना कळलं, की हे देवस्थान बिवस्थान नाही, शेतकऱ्याच्या घरची समाधी आहे. मग ते स्वतः भागूबाईच्या घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आजी, तुमची संमती नसेल तर आम्ही दगडाला हात लावणार नाही. पण संमती दिलीत तर राख, माती, दगड सगळं मानानं आणून तुमच्या घरामागं नवी समाधी बांधून देऊ. संगमरवरी. फक्त एक करा. आखितीला या आणि कामगारांसमोर खरं काय ते सांगा, म्हणजे त्यांच्या मनात किल्मिष राहणार नाही."

साहेब गेले आणि मुलगा सोमनाथ खूश झाला. "आई, घरामागं! शेवग्याच्या झाडाखाली! रोज सकाळी उठलीस की दहा पावलांवर आजी. ना हेल्मेट, ना गेट, ना कुणाच्या परवानग्या."

भागूबाई उठून परसदारी गेली आणि शेवग्याकडं बघत उभी राहिली. रोज सकाळी! केवढ्या वर्षांची आस अशी कुणी उचलून घरामागं आणून देत होतं. त्या संध्याकाळी तिनं शेवग्याखालची जागा झाडून काढली, पाणी शिंपडलं, आणि सोमनाथला म्हणाली, "ओटा जरा उंच सांग रे. मपल्याच्यानं खाली बसवत नाय." मनानं तिनं सासूला घरी आणूनही टाकलं होतं.

आखितीचा दिवस उजाडला तोच तापत. सोमनाथनं तिला स्कूटरवरून गेटापाशी आणलं. हबीबनं हेल्मेट चढवलं, पट्टा बांधला आणि हळूच म्हणाला, "मावशी, समदे तुमचीच वाट बघायलेत."

एरवी ती सकाळी येऊन गुपचूप जायची. आज जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरली होती. लिंबाखाली कामगारांची ही गर्दी. पुढं वैद्य साहेब, त्यांच्या बाजूला कामगारांचा पुढारी गोकुळ, आणि पलीकडं पॅकिंगच्या बाया, डबे तसेच हातात धरून. सगळ्यांचे चेहरे असे, की जणू डॉक्टर आतून काय सांगत येतोय! भागूबाईनं दगडाकडं पाहिलं. शेंदूर, हळद, कुंकू, हिरव्या बांगड्यांची चळत. घासायला हात शिवशिवले, पण आज लोक होते.

"आजी," साहेब म्हणाले, "तुम्हीच सांगा. हे कोण आहे?"

गोकुळ मधेच पुढं आला. हात जोडून म्हणाला, "आजी, तुम्ही देवीच्या मानकरी. तुमच्या तोंडून आईच बोलंल. आम्हाला पोरकं करू नका."

"मानकरी?" भागूबाईला कळेना. "कसली मानकरी?"

"दरसाल आखितीला आईला न्हाऊ घालता ते..."

भागूबाईच्या डोक्यात उजेड पडला आणि तिला एकदम हसूच फुटलं. हेल्मेट हलायला लागलं. "अरे मेल्यांनो, मी न्हाऊ घालत नव्हते! तुम्ही लावलेलं कुंकू पुसत व्हते!" मग तिला वाटलं, हसण्यावारी न्यायची ही जागा नव्हे. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरळ सांगून टाकलं. "बाबांनो, ही देवी नाय. ही मपली सासू हाय, सरूबाई. हे वावर तिचं व्हतं. तिच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं. दुसऱ्याच्या घरची हळद कधी तिच्या अंगाला लागली नाय, कारण ती तुमच्याएवढी बी नव्हती तवाच तिचा नवरा गेला. त्याच्या मागं तिनं एकटीनं औत धरलं, पोरगं वाढवलं, भावकीला पुरून उरली. विधवेच्या दगडाला कुंकू कसं चालंल, म्हणून मी घासत व्हते. एवढंच खरं हाय."

वर विमानतळाकडं उतरणारं विमान घरघरत गेलं. गोकुळनं मान खाली घातली. वैद्य साहेबांनी सुटल्यासारखा श्वास टाकला आणि म्हणाले, "म्हणजे मग विषय संपला."

"थांबा ना साहेब," बायांमधून आवाज आला. एक तरणी बाई पुढं आली. पॅकिंगमधली सोनिया. साधी साडी, गळा मोकळा, कपाळ मोकळं. तिनं भागूबाईला विचारलं, "आजी, खरंच त्या विधवा व्हत्या?"

"व्हय गं बाई."

"आणि औत धरायच्या?"

"धरायच्या म्हंजे? बैल घाबरायचे तिला."

सोनिया ओट्याकडं वळली आणि तिचा बांधच फुटला. "मपला नवरा जाऊन चार वर्षं झाली आजी. शेजारी हळदीकुंकू असलं की मला पोराला घेऊन आत बस म्हणतेत. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मला मागं उभं केलं. ह्या एका ठिकाणी मला कुणी अडवलं नाय. इथं मी सगळ्यांच्या संगट रांगेत उभी राहते, मपल्या हातानं कुंकू वाहते. मनात सारखं भ्या, की देवी सवाष्ण हाय, तिला चालत असंल का मपला हात? दर मंगळवारी माफी मागून लावायले मी." ती रडता रडता हसली. "आणि ती तर आमच्यातलीच निघाली!"

मागून दुसरी एक बाई म्हणाली, "मी बी तशीच हाय, आजी." मग तिसरी. गोकुळनं मान वर केली.

भागूबाई दगडाकडं बघतच राहिली. तिला ती विहीर दिसली. सासू काठावर उभी, बादली हातात, आणि खाली पाण्यात बघतेय. कसला राग आणि कसलं काय! बाई स्वतःचं कपाळ बघत होती. कितीतरी वर्षांनी लाल झालेलं आपलं कपाळ डोळे भरून बघत होती, आणि धुवायचं तिच्या जिवावर आलं होतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला सत्तरी उलटल्यावर कळावी? आणि आपण काय केलं, तर दर आखितीला येऊन शेंडीनं खसाखसा घासलं! ओट्याचा आधार घेऊन ती खालीच बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"आजी, पाणी आणू?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"नको." तिनं दगडावर हात ठेवला. हाताला शेंदूर लागला, तो तिनं पुसला नाही. "साहेब, हिला हलवू नका."

"पण आजी, तुम्हीच तर आत्ता म्हणालात, देवी नाही म्हणून."

"नायच हाय देवी. पर हिचं बस्तान कुठं बसलंच नव्हतं हो साहेब. सासरी बसलं नाय, माहेरी तर ती गेलीच नाय. ते इथं बसलंय, ह्या पोरींत. त्येच्यातून तिला उठवू नका. मपली संमती नाय."

साहेब सोमनाथकडं बघायला लागले. सोमनाथ पुढं येऊन आईच्या कानाशी वाकला. त्याचा चेहरा पडला होता. "आई, रोज जायचं रोज जायचं म्हणत होतीस ना? शेवग्याखालची जागा झाडलीस तू."

"झाडली ना. अजून बी जीव तुटायलाय रे मपला." भागूबाईनं ते लपवलं नाही. "पर घरामागं आणली तर ती नुसती मपली सासू राहील बघ. एकट्या म्हातारीची सासू. मी सांगंन, ती ऐकंल. इथं तिला किती लेकी हायती बघ." मग डोळे पुसून ती म्हणाली, "आणि संगमरवर तिला सोसला नसता. पाय भाजले म्हणून मपल्याच नावानं बोंब मारली असती."

आसपास हशा पिकला. वैद्य साहेबांनाही हसू आवरलं नाही. शब्दाला जागणारा माणूस होता, एवढं मानावं लागेल. थोडा वेळ त्यांनी ओटा आणि भिंत यांच्यातलं अंतर नजरेनं मापलं आणि म्हणाले, "ठीक आहे. शेड जरा आखूड घेऊ." गोकुळनं आनंदानं घंटा अशी वाजवली, की गेटावरचा हबीब काय झालं म्हणून धावत आला.

बायांनी दगडाला अंघोळ घालायला पाणी आणलं. या वेळी भागूबाईनं शेंडी लांब ठेवली आणि केळीतल्या गार पाण्यानं हळूहळू, लेकराला घालावी तशी अंघोळ घातली. आमरस, कुरडई, सगळा निवद मांडला. मग सोनियाकडं वळून म्हणाली, "पोरी, लाव. तू लाव आधी."

सोनियानं करंड्यातलं कुंकू घेतलं आणि ओल्या दगडावर ठसठशीत बोट टेकवलं. या वेळी माफी मागितली नाही. ते करून ती मागं वळली, तर समोर भागूबाई, हेल्मेटखाली पांढरे केस, कडुबा गेल्यापासून कोरं असलेलं कपाळ. सोनियाचं कुंकवाचं बोट हवेत तसंच राहिलं. ती चाचरत म्हणाली, "आजी... तुम्हाला?"

आयुष्यभराची सवय. भागूबाईची मान आपोआप मागं गेली. सोमनाथ बघत होता, साहेब बघत होते, अर्धी कंपनी बघत होती. मग तिनं हेल्मेट मागं सारलं आणि कपाळ पुढं केलं.

गेटवर हबीब पट्टा सोडायला आला आणि बघतच राहिला. भागूबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातात पॅकिंगच्या बायांनी भरलेल्या हिरव्या बांगड्या. मग हेल्मेट खुंटीला अडकवत तो म्हणाला, "मावशी, आज तर अशा दिसायलात, जशा माहेराहून आल्यात."

"नाय रे हबीब," स्कूटरवर बसता बसता भागूबाई म्हणाली, "सासूकडून आलेय."